उरुळीचे व्रतस्थ गोपालक : मणिभाई देसाई

या चरित्राचे नायक ख्रिस्ती मंडळीचे सभासद नव्हते. ते महात्मा गांधींचे शिष्य होते आणि अखेरपर्यंत त्याच मार्गाने चालले. तरी त्यांचे चरित्र आपल्या मंडळ्यांपुढे ठेवणे आम्हांस योग्य वाटते. वाटेत घायाळ होऊन पडलेल्या मनुष्याची शुश्रूषा कोणी केली हे सांगताना आपल्या प्रभूने याजकाचे उदाहरण दिले नाही व लेव्याचेही दिले नाही; ज्यास लोक परका म्हणत त्या शोमरोन्याचे दिले. जेथे चांगले फळ दिसते तेथे ते ओळखावे आणि त्यापासून शिकावे, हे आपणांस साजते. शिवाय या चरित्राचा विषय गाय व बैल हा आहे, आणि बीड जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांस त्याहून जवळचा विषय दुसरा क्वचितच असेल.

येथे एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांच्या वाट्यास गावातील गाय जिवंतपणी येत नसे, ती मेल्यावर येई. तिला गावाबाहेर ओढून नेणे व तिचे कातडे सोडविणे हे काम त्यांच्या माथी मारलेले होते, आणि त्याच कामासाठी त्यांस विटाळ मानीत. दुभती गाय दुसऱ्याच्या दावणीस आणि मेलेली आपल्या खांद्यावर, अशी ती वाटणी होती. ही वाटणी मोडावी म्हणून पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे यत्न केले. कोणी शाळा काढल्या, कोणी सुवार्ता सांगितली, कोणी सत्याग्रह केले. मणिभाईंनी त्या वाटणीविषयी व्याख्याने दिली नाहीत. ज्यास शेत नाही त्याच्याही अंगणात दूध देणारी गाय उभी राहावी, एवढ्याच कामास त्यांनी आपले आयुष्य लावले. ते कसे, हे आता क्रमाने सांगतो.

मणिभाई भीमभाई देसाई यांचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी गुजरातेतील सुरत जिल्ह्यात कोसमाडा या गावी झाला. घराणे शेतकऱ्याचे होते, यामुळे गोठा, वैरण, पेरणी व मळणी यांची ओळख त्यांस लहानपणीच झाली. त्यांस दहावे वर्ष चालू असताना, १९३० साली, गांधीजींची मिठाच्या सत्याग्रहाची यात्रा सुरत जिल्ह्यातून दांडीच्या समुद्रकिनाऱ्याकडे गेली. त्या भागातील मुलाबाळांच्या मनावर त्या दिवसांचा जो ठसा उमटला तो मणिभाईंच्या मनावरही उमटला, आणि तो पुढे कधी पुसला गेला नाही.

पुढे त्यांनी विज्ञानाचा अभ्यास करून पदवी मिळविली. हुशार पदवीधरास त्या काळी चांगली नोकरी सहज मिळाली असती. परंतु १९४२ साली छोडो भारत चळवळ सुरू झाली, तीत त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास भोगला. सुटून आल्यावर ते वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या सहवासात राहावयास गेले. तेथे नियम असा की, प्रत्येकाने सूत कातावे, स्वयंपाकात व सफाईत हात लावावा, आणि संडास साफ करण्याचे कामही पाळीपाळीने करावे. ज्या कामावरून माणसास नीच ठरवीत ते काम येथे उच्चवर्णीय पदवीधरास रोजच्या प्रार्थनेइतकेच आवश्यक होते. पुढे गोठ्यातील शेणात हात घालावयास मणिभाईंस कधी संकोच वाटला नाही, त्याचे मूळ या शिकवणीत आहे.

१९४६ च्या मार्च महिन्यात गांधीजी पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन या गावी आले. गरिबांसाठी निसर्गोपचाराचे केंद्र काढावे अशी त्यांची इच्छा होती. आरंभी त्यांचा विचार पुणे शहराचा होता. परंतु खेड्यातील गरीब शहरात येऊन उपचार घेऊ शकत नाही, तर उपचारानेच त्याच्या गावी गेले पाहिजे, असे त्यांच्या ध्यानात आले. माती, पाणी, ऊन व साधा आहार यांच्या योगे त्यांनी स्वतः काही दिवस तेथील रोग्यांवर उपचार केले. मग त्यांस जाणे भाग होते, कां की देशात मोठ्या घडामोडी चालू होत्या. काम पुढे कोणी चालवावे, हा प्रश्न उरला.

त्या वेळी मणिभाईंस सव्वीसावे वर्ष चालू होते. त्यांनी हे काम आपल्या अंगावर घेतले, आणि ते वर्षा-दोन वर्षांच्या बोलीने घेतले नाही. उरुळीसच आयुष्य वेचीन, संसार मांडणार नाही, आणि गावातील दरिद्री माणसाची सामाजिक व आर्थिक उन्नती हेच माझे काम, असे व्रत त्यांनी गांधीजींपुढे घेतले. दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. ज्यापुढे वचन दिले तो राहिला नाही म्हणजे वचनातून सुटका झाली, असे मानणारी माणसे जगात थोडी नाहीत. मणिभाईंनी तसे मानले नाही. ते अविवाहित राहिले आणि उरुळीचेच झाले.

प्रारंभ सोपा नव्हता. माणूस गुजराती, गाव मराठी. गावच्या चालीरीती निराळ्या, मातीही निराळी. खेड्यात नव्या माणसाकडे प्रथम संशयाने पाहतात, हे आपल्या उपदेशक बंधूंस निराळे सांगावयास नको. आश्रमात रोग्यांवर उपचार चालू राहिले. विनोबाजींचे बंधू बाळकोबा भावे यांनीही तेथे दीर्घकाळ राहून त्या कामाची धुरा वाहिली. मुलांसाठी विद्यालय निघाले. आश्रमाच्या जमिनीत शेती सुरू झाली. परंतु रोगी बरा होऊन घरी जातो आणि घरी पोटभर अन्न नसते, तेव्हा तो पुन्हा रोगी होतो, ही गोष्ट मणिभाईंच्या पुढे वारंवार उभी राहू लागली. रोगाच्या मुळाशी दारिद्र्य आहे, मग दारिद्र्यास औषध कोणते? शेतकऱ्याच्या घरी जे आधीच आहे त्यातूनच ते औषध काढावे असे त्यांनी ठरविले. आणि जवळजवळ प्रत्येक घरी जे होते ते म्हणजे एखादे हाडकुळे जनावर.

आश्रमात त्यांनी गोशाळा उभारली व तीत सौराष्ट्राकडील गीर जातीच्या गायी पाळल्या. कपाळ फुगीर, कान लांब लोंबते, रंग तांबूस, स्वभाव गरीब, अशी ही जात आपल्या देशातील दुधाळ जातींत प्रसिद्ध आहे. येथे त्यांचे विज्ञानाचे शिक्षण कामास आले. कोणती गाय किती दूध देते, कोणत्या वेतात किती देते, कोणत्या वळूच्या कालवडी आईहून सरस निघाल्या, कोणत्या वैरणीने काय फरक पडला, हे सारे मोजावयाचे आणि लिहून ठेवावयाचे. जी गाय व जो वळू कसोटीस उतरेल त्याचीच पैदास वाढवावयाची. गायीवरील भक्ती त्यांस अपुरी वाटे. तिची निगा ज्ञानपूर्वक झाली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. पूजा करावी, पण पोटभर वैरण घालू नये, याला सेवा म्हणता येत नाही. उरुळीच्या गीर गायींचा लौकिक हळूहळू देशभर झाला, आणि १९६८ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री हा किताब दिला.

परंतु आश्रमातील गोठा चांगला झाला म्हणून गावातील गोठा सुधारत नाही. आपल्या कळपाच्या कीर्तीवर संतुष्ट राहणे मणिभाईंस शक्य होते. पण व्रत कळपाविषयी नव्हते, गरिबाविषयी होते. गरिबाच्या दारी उभी असलेली गावरान गाय चौथ्या-पाचव्या वर्षी प्रथम विणार, दिवसास लिटर-दोन लिटर दूध देणार, आणि मग कित्येक महिने भाकड राहणार. तिला विकून गीर गाय आणावी म्हटले तर त्यास पैसा कोठून? निवड करीत करीत तिच्या वंशात दूध वाढवावे म्हटले तर अनेक पिढ्या लागणार, आणि गरिबाच्या पोराबाळांस इतके दिवस थांबता येत नाही. म्हणून त्यांनी असा विचार केला की, गाय आहे तीच ठेवावी, मात्र तिच्या पोटी येणारी कालवड अधिक दुधाची यावी. जर्सी व होल्स्टिन या परदेशी जातींच्या उत्तम वळूंचे रेत देऊन संकर केला, तर पहिल्याच पिढीत कालवडीस अर्धे रक्त दुधाळ जातीचे मिळते. अशी कालवड नीट पोसली तर अडीच-तीन वर्षांत विते आणि दिवसास आठ-दहा लिटर दूध देऊ शकते.

या कामासाठी १९६७ साली त्यांनी उरुळी कांचन येथे भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही विश्वस्त संस्था स्थापन केली. बाएफ या नावाने ती आज सर्वत्र ओळखली जाते. संस्थेची कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे. एक वळू गावात सोडला तर वर्षाकाठी तो थोड्याच गायी फळवितो, त्याचा रोग सर्वांस लागण्याचे भय असते, आणि चांगल्या वळूची किंमत एका गावास परवडत नाही. परंतु त्याच वळूचे रेत काढून, त्यात योग्य द्रव मिसळून, बारीक कांड्यांत भरून, द्रवरूप नत्रात शून्याखाली १९६ अंश इतक्या थंडीत गोठवून ठेवले, तर ते वर्षानुवर्षे टिकते आणि एका वळूपासून हजारो गायी फळविता येतात. याला कृत्रिम रेतन म्हणतात.

पण रेत गोठविले एवढ्याने गरिबाचे काम होत नाही. गाय माजावर येते ती साधारण एकवीस दिवसांनी, आणि तो माज थोडे तासच टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन झाले पाहिजे. ती वेळ चुकली की आणखी तीन आठवडे गेले. आता ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याने मजुरी बुडवून गाय हाकीत दहा-बारा कोस दवाखान्यात न्यावयाची कशी? पोहोचेपर्यंत वेळ टळलेली असावयाची. म्हणून मणिभाईंनी रीत उलट केली. दहा-पंधरा गावांमागे एक केंद्र, केंद्रावर एक शिकून तयार झालेला तरुण, त्याजवळ मोटारसायकल व थंड कांड्यांचे भांडे. निरोप आला की त्याने गोठ्यापर्यंत जावयाचे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन गाय गाभण आहे की नाही हे पाहावयाचे, वासरू झाले की त्याची नोंद करावयाची, वैरण व रोगराई यांविषयी घरच्या बाईस समजावून सांगावयाचे. ज्याप्रमाणे गांधीजींनी उपचार शहरातून खेड्यात आणला, त्याप्रमाणे शिष्याने तो खेड्यातून अंगणात नेला.

खर्चाची सोय प्रथम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी केली. आपल्या सभासदांच्या गायी सुधाराव्यात म्हणून त्यांनी केंद्रे चालविण्यास संस्थेस पैसा दिला. पुढे निरनिराळ्या राज्यांच्या सरकारांनीही हे काम तिच्यावर सोपविले. सरकारचा पैसा घ्यावा, पण काम सेवाभावी संस्थेच्या शिस्तीने व्हावे, असा हा मेळ होता. किती गायी तपासल्या हे सांगून भागत नसे. किती वासरे जन्मली हे दाखवावे लागे.

या कामावर आक्षेप आले नाहीत असे नाही, आणि चरित्र लिहिताना ते लपविणे बरे नव्हे. देशी गायीस पूज्य मानणाऱ्या पुष्कळांस परदेशी रक्ताचा संकर रुचला नाही. दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा होता: संकरित गोऱ्ह्यास वशिंड नसते किंवा लहान असते, तो उन्हात लवकर दमतो, मग औतास काय जुंपावे? तिसरा आक्षेप अनुभवाचा होता: संकरित गाय दूध अधिक देते खरी, पण पाणी, हिरवा चारा, सावली व औषध यांत कसूर झाली तर ती गावरान गायीपेक्षा लवकर खंगते. हे तिन्ही आक्षेप विचार करण्याजोगे होते आणि आजही आहेत. संकर सर्वत्र सारखाच करावा, हा नियम होऊ शकत नाही. जेथे चारापाणी आहे तेथे तो लाभतो, जेथे नाही तेथे घात करितो. संस्थेने गीरसारख्या देशी जातींचे जतन सोडले नाही आणि पुढे शेळीपालनही हाती घेतले, यावरून त्या आक्षेपांकडे तिने कानाडोळा केला नाही असे दिसते.

मणिभाईंची दृष्टी गायीपुरती राहिली नाही. गायीस चारा पाहिजे, म्हणून त्यांनी सुबाभळीच्या लागवडीचा मोठा प्रसार केला. हे झाड लवकर वाढते, त्याचा पाला जनावरे खातात, लाकूड सरपणास होते. मात्र एकट्या त्याच पाल्यावर जनावर ठेवू नये, इतर वैरणीत मिसळून द्यावा, हेही ध्यानात ठेवावे लागते. पुढे १९८२ साली दक्षिण गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी वाडी योजना सुरू झाली. प्रत्येक कुटुंबाने आपल्या हलक्या जमिनीपैकी एका एकरात आंबा वगैरे फळझाडे लावावयाची, कडेने सरपणाची व चाऱ्याची झाडे, आणि मधल्या ओळींत धान्य-भाजीपाला. झाडे फळास येईतो कुटुंबाने तग धरावा आणि मजुरीसाठी गाव सोडण्याची पाळी येऊ नये, हा हेतू. ही रीत इतकी उपयोगी ठरली की पुढे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, ती अनेक राज्यांतील आदिवासी भागांत नेली.

१९८२ सालीच मणिभाईंस लोकसेवेबद्दल मॅगसेसे पारितोषिक मिळाले. फिलिपाइन्स देशातून दिला जाणारा हा सन्मान आशिया खंडात फार मोठा मानतात. तो देताना विशेष उल्लेख झाला तो त्यांच्या व्रताचा. छत्तीस वर्षांपूर्वी दिलेले वचन एका मनुष्याने पाळले, हीच गोष्ट जगास सांगण्यासारखी वाटली. सन्मानानंतरही त्यांचे काम तेच राहिले. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. उरुळीस आल्यास तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती.

कित्येक संस्था संस्थापकाबरोबरच निजतात. ही तशी निजली नाही. तिचे मुख्य ठिकाण आता पुण्याजवळ वारजे येथे आहे आणि देशातील बारांहून अधिक राज्यांत तिचे काम चालते. मणिभाईंनी आपल्यामागे कामाची घडी बसवून ठेविली होती, नोंदी ठेविल्या होत्या, आणि हाताखालच्या तरुणांस काम शिकवून जबाबदारी दिली होती. ज्याने आयुष्यभर वासरांची निगा केली त्यास पुढील पिढीचे महत्त्व निराळे सांगावयास नको होते.

आता हे चरित्र घेऊन आपण आपल्या गावी परत येऊ. आपला बीड जिल्हा म्हणजे उरुळी नव्हे. तेथे कालव्याचे पाणी व पुण्याची बाजारपेठ जवळ आहे. येथे बालाघाटाच्या डोंगरावर पाऊस बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ वृद्धांस आठवतो, आणि अलीकडील दुष्काळांत गुरांच्या चारा छावण्या तरुणांनीही पाहिल्या आहेत. दसरा झाला की आपली कितीतरी कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीस जातात आणि उन्हाळा लागला म्हणजे परततात. अशा कुटुंबाने कर्ज काढून दारी मोठी संकरित गाय बांधली, तर सहा महिने तिचे चारापाणी कोणी करावे? तेव्हा मणिभाईंनी जे केले तेच जसेच्या तसे येथे करावे, असा त्यांच्या चरित्राचा अर्थ नाही. त्यांनी ज्या रीतीने विचार केला त्या रीतीने आपण विचार करावा, हा अर्थ आहे. ते प्रथम पाहत की गरिबाच्या घरी आधीच काय आहे.

आपल्याकडे काय आहे? अंबाजोगाई व परळीच्या भागात लाल कंधारी गुरे आहेत. शेजारच्या लातूराकडील देवणी आपल्या बाजारांत येते. लाल कंधारी अंगाने मध्यम, रंगाने लाल, काटक, आपल्या उन्हास व कोरड्या वैरणीस सरावलेली. तिचा बैल औतास व गाडीस उत्तम. दूध फार नाही, पण ती कमी खाते व टिकते. हिच्यातल्या हिच्यात चांगला वळू राखणे, नोंद ठेवणे, कडबा तसाच न फेकता कुट्टी करून घालणे, लाळ्या-खुरकूत व फऱ्या यांची लस वेळेवर टोचून घेणे, पाऊसकाळात मूठभर चाऱ्याचे बी बांधावर टाकणे, ही कामे कर्जाशिवाय होणारी आहेत. ज्यास गाय झेपत नाही त्याने दोन शेळ्या बाळगाव्या. ज्या कुटुंबास पाण्याची विहीर आहे, ज्यातील एक माणूस बारा महिने घरी राहते, आणि ज्या गावी दूध संकलनाची सोय आहे, त्याने मात्र संकरित गायीचा विचार अवश्य करावा. पाणी, माणूस व बाजार, या तिन्हींपैकी एक नसेल तर थांबावे.

पवित्र शास्त्रात जनावरांची आठवण पानोपानी आहे. याकोबाने लाबानाची मेंढरे वीस वर्षे दिवसाच्या उन्हात व रात्रीच्या थंडीत राखिली. आमोस संदेष्टा गुराख्यांतून बोलाविला गेला. शब्बाथाची विश्रांती बैलासही दिली आहे. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, अशा अर्थाचे शलमोनाचे नीतिसूत्र आपण मुलांस शिकवितो. तरी आपल्या किती मंडळ्यांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या खांद्यावरील जखम कोणी पाहतो? ख्रिस्ती घरचा बैल गावात ओळखू यावा, तो त्याच्या निगेवरून.

शेवटी आमच्या उपदेशक बंधूंस एक शब्द. मणिभाईंपाशी जे होते त्यातील पुष्कळ आपणांपाशी नाही. पदवी नाही, थोरांची ओळख नाही, संस्था नाही. परंतु ज्या एका गोष्टीवर बाकी सर्व उभे राहिले ती आपणांपाशी असू शकते, ती म्हणजे एका ठिकाणी टिकून राहणे. वर्ष-दोन वर्षांत बदली मागावी, गाव कठीण आहे, लोक ऐकत नाहीत, शहराजवळ बरे, असा विचार कोणाच्या मनात येत नाही? तो मणिभाईंच्याही मनात येण्यास कारणे होती. गाव परके, भाषा परकी, आणि ज्याच्या शब्दावरून आले तो गुरू गेलेला. तरी ते राहिले. पहिल्या वर्षी काय झाले हे पाहून त्यांचे काम कोणी तोलले असते तर ते हलके भरले असते. गायीच्या वंशात फरक दिसण्यास वर्षे जातात. मनुष्याच्या अंतःकरणात दिसण्यास त्याहून अधिक. ज्यास वासराची वाट पाहता येत नाही त्याने गोपालन करू नये, आणि ज्यास माणसाची वाट पाहता येत नाही त्याने मंडळीचे पालन करू नये.

आणि आमच्या बंधुभगिनींनो, ज्यांच्या पूर्वजांनी मेलेली गुरे ओढली त्यांच्या अंगणात आज पहाटे धारेचा आवाज ऐकू येतो, असे एक तरी घर बहुधा प्रत्येक गावी सापडेल. त्या घरची बाई दूध घालून येते, हिशोबाची वही ठेविते, मुलीस शाळेत धाडते. तिला मणिभाईंचे नाव कदाचित ठाऊक नसेल. परंतु जे व्रत एका तरुणाने १९४६ साली उरुळीस घेतले त्याचा काही अंश तिच्या चरवीत आहे. देवबाप, जो डोंगरावरील हजारो गुरांचा धनी आहे, तो आपणांस त्याच्या या मुक्या लेकरांची निगा करण्यास बुद्धी देवो, आणि आपण दिलेले वचन शेवटपर्यंत पाळण्यास बळ देवो.